पॉटरबाईंचा ससा

लाहोरच्या मंडळाने मजकूर बदलण्याचा आग्रह धरला, तेव्हा बाबासाहेबांनी १९३६ साली आपले भाषण स्वखर्चाने छापले, प्रती १५००. त्यापूर्वी पस्तीस वर्षे, लंडनमध्ये बीट्रिक्स पॉटर यांनी मुलांसाठी लिहिलेल्या सशाच्या गोष्टीकरिता तीच वाट धरली होती. दोन्ही पुस्तकांची तुलना आम्ही करीत नाही. वाट मात्र एक.

पॉटरबाईंचा जन्म १८६६ चा, सधन घरातला. धाकटा भाऊ निवासी शाळेत गेला. त्यांना मात्र घरीच शिक्षिका ठेवली. पाळलेले ससे, उंदीर, बेडूक न्याहाळीत त्या चित्रे काढू लागल्या. आमच्या माळशिरसच्या मुलांना ससा माळावर भेटतो, त्यांना तो खोलीत भेटला. पुढे अळंब्यांच्या बीजाणूंवर त्यांनी निबंध लिहिला. १८९७ मध्ये तो लिनियन सोसायटीपुढे मांडला गेला, पण स्त्री म्हणून त्यांना तेथे प्रवेश नव्हता. बंद दार म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस समजावणे नको.

जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला १८९३ मध्ये त्यांनी पत्रातून पीटर सशाची सचित्र गोष्ट पाठविली होती. तिचे पुस्तक करू पाहताच प्रकाशकांनी नकार दिला. चिमुकल्या हातांत मावेल, थोडक्या पैशांत मिळेल असेच पुस्तक बाईंना हवे होते. त्या हटल्या नाहीत. डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी स्वतःच २५० प्रती छापून घेतल्या. लवकरच आणखी २०० काढाव्या लागल्या. आधी नाकारणाऱ्या वॉर्न कंपनीनेच १९०२ मध्ये रंगीत आवृत्ती काढली.

१९४३ मध्ये बाई वारल्या, तेव्हा चार हजार एकरांहून अधिक जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्टच्या नावे ठेवली होती.