रॉबर्ट बुन्सेन : ज्योतीच्या प्रकाशातून धातू ओळखणारे शास्त्रज्ञ

विषप्रयोगाचा संशय असलेल्या मृत्यूच्या बातमीत व्हिसेरा राखून ठेवल्याचा उल्लेख हमखास असतो. हा व्हिसेरा न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो आणि तिथे इतर विषांबरोबर विषारी धातूंचाही शोध घेता येतो. धातू अगदी नगण्य प्रमाणात असला तरी त्याचा माग लागतो. कारण तापलेल्या वायुरूप अवस्थेत प्रत्येक धातूचे अणू ठरावीक रंगांचाच प्रकाश देतात. या प्रकाशावरून धातू ओळखण्याची पद्धत ज्या दोघांनी घालून दिली, त्यांपैकी एक होते जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन.

बुन्सेन यांचा जन्म मार्च १८११ मध्ये ग्योटिंगेन येथे झाला. वडील तिथल्याच विद्यापीठात आधुनिक भाषांचे प्राध्यापक होते. चार भावांत धाकटे असलेल्या बुन्सेन यांनी विशीच्या आतच डॉक्टरेट मिळवली. त्यांचे सुरुवातीचे महत्त्वाचे संशोधन विषाशीच संबंधित होते. त्या काळी खुनासाठी सोमल, म्हणजे आर्सेनिकचे ऑक्साइड, सर्रास वापरले जाई. ताजे तयार केलेले लोहाचे सजल ऑक्साइड दिल्यास ते पोटातल्या सोमलाला बांधून ठेवते आणि न विरघळणारा पदार्थ तयार होतो, हे बुन्सेन यांनी बर्टोल्ड या डॉक्टरांच्या साथीने १८३४ मध्ये दाखवून दिले. हा उतारा पुढे दीर्घकाळ वापरात राहिला.

त्यानंतर ते कॅकोडिल या आर्सेनिकयुक्त संयुगांच्या मागे लागले. ही संयुगे उग्र दुर्गंधीची, विषारी आणि काही तर हवेत आपोआप पेट घेणारी. एका स्फोटात बुन्सेन यांचा उजवा डोळा कायमचा निकामी झाला. आर्सेनिकची बाधा होऊन ते मरणाच्या दारातून परत आले. हे काम त्यांनी पूर्ण केले, पण पुढे सेंद्रिय रसायनशास्त्राची वाट सोडली.

१८५२ मध्ये ते हायडेलबर्ग विद्यापीठात आले. शहरात कोळशाच्या वायूचे दिवे नुकतेच येत होते. प्रयोगशाळेसाठी काजळी न धरणारी, जवळजवळ रंगहीन ज्योत त्यांना हवी होती. वायू जळण्याआधीच त्यात हवा मिसळायची, ही कल्पना वापरून विद्यापीठाचे कारागीर पेटर देसागा यांनी १८५५ च्या सुमारास बर्नर तयार केला. आज शाळाशाळांत दिसणारा बुन्सेन बर्नर तो हाच. बुन्सेन यांनी त्याचे पेटंट घेतले नाही.

ज्योतीलाच रंग नसल्यामुळे तिच्यात धरलेल्या क्षाराचा रंग स्वच्छ दिसू लागला. सोडियमचा पिवळा, स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा. पण दोन-तीन धातू एकत्र असले की रंग एकमेकांत मिसळत. बुन्सेन रंगीत काचा आणि रंगीत द्रावणांतून ज्योत पाहून हा गुंता सोडवू पाहत होते. त्यांचे मित्र, भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव किर्खहॉफ यांनी त्याऐवजी हा प्रकाश लोलकातून पाहण्याचे सुचवले. लोलकाने रंग वेगळे केले आणि वर्णपटात प्रत्येक धातूच्या सुट्या, चमकदार रेषा दिसल्या. मिश्रणातही त्या आपापल्या जागा सोडत नव्हत्या. १८५९ मध्ये दोघांनी त्यासाठी वर्णपटदर्शक हे उपकरण उभे केले.

ही पद्धत किती संवेदनशील आहे, हे त्यांनी एका प्रयोगातून दाखवले. खोलीच्या एका कोपऱ्यात तीन मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट दुग्धशर्करेसह उडवून दिले आणि दुसऱ्या टोकाला ज्योत पेटती ठेवली. काही मिनिटांत सोडियमची पिवळी रेषा उजळली. मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहूनही कमी सोडियम तिथे ओळखू आले होते. कोणत्याही तराजूवर हे वजन नोंदले गेले नसते.

याच बळावर १८६० मध्ये ड्युर्कहाइम येथील खनिजजलात त्यांना दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या. सुमारे ४० टन पाणी आटवून त्यातून मिळवलेल्या धातूच्या क्षारांना सीझियमचे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी गडद लाल रेषांवरून रुबिडियम सापडले. १८६१ मध्येच इंग्लंडमध्ये विल्यम क्रूक्स यांना एका हिरव्या रेषेने थॅलियमची चाहूल दिली. थॅलियमचे क्षार पुढे उंदीर मारण्यासाठी वापरले गेले आणि माणसे मारण्यासाठीही. चव नाही, वास नाही, लक्षणेही उशिरा दिसतात. त्यामुळे हे विष सहज निसटू शकले असते. पण त्याची ओळख पटवणारी रेषा त्याच्या शोधाबरोबरच हाती आली होती.

बुन्सेन यांनी लग्न केले नाही. प्रयोगशाळा हाच त्यांचा संसार होता. वर्णपटांवरील अनेक महिन्यांच्या कामाचे हस्तलिखित एकदा घरी टेबलावर जळून खाक झाले. पाण्याच्या सुरईतून एकवटलेल्या सूर्यकिरणांनी कागद पेटले असावेत. त्यांनी सगळी मोजमापे पुन्हा केली आणि निबंध प्रसिद्ध केला. १८८९ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी ते निवृत्त झाले आणि १६ ऑगस्ट १८९९ रोजी हायडेलबर्ग येथे त्यांचे निधन झाले.

आज ज्योतीच्या जागी हजारो अंश तापमानाचा प्लाझ्मा आला आहे आणि डोळ्याच्या जागी संवेदक. काचेचा कण, रंगाचा पापुद्रा किंवा केसाचा तुकडा त्यातल्या धातूंवरून तपासता येतो. पण एक धडा जुनाच आहे. सोडियम हवेतल्या धुळीत सगळीकडे असते, त्यामुळे पिवळी रेषा कुठेही दिसू शकते, हे बुन्सेन आणि किर्खहॉफ यांनी तेव्हाच ओळखले होते. म्हणूनच धातू सापडला एवढ्यावर गुन्हा सिद्ध होत नाही. तो किती आहे आणि एरवी तिथे किती असतो, हे शुद्ध नमुन्याशी ताडून पाहावे लागते. तसे केले नाही, तर हीच पद्धत निर्दोष माणसालाही अडकवू शकते.