अ‍ॅक्वेरियम घराघरात नेणारा फिलिप गॉस आणि त्याच्याच पुस्तकांनी ओस पाडलेले किनारे

घरात समुद्राच्या पाण्याचा नवीन टँक लावलेल्या कुणालाही विचारा, पहिले काही महिने तक्रार एकच असते. पाणी नितळ आहे, लाइट भारी आहे, पण खडक पांढरेफटक! जुन्या टँकमधल्या खडकांवर जो गुलाबी-जांभळा थर असतो, तो काही केल्या येत नाही.

हा थर म्हणजे रंग नाही आणि प्रवाळही नाही. ते आहे कोरलाइन शेवाळ. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन ते आपल्या पेशींच्या भिंती चुन्याने बांधतं, म्हणून हाताला दगडासारखं लागतं. आणि बांधकाम म्हटलं की वेळ आलाच.

एखादी बाटली ओतून हा थर आठवड्याभरात येईल का, असं विचारणारे खूप असतात. त्यांनी फिलिप हेन्री गॉस या इंग्रज माणसाची गोष्ट वाचायलाच हवी.

गॉसचा जन्म १८१० सालचा, इंग्लंडमधल्या वूस्टरचा. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रं काढायचे, त्यामुळे घरात कला भरपूर आणि पैसा बेताचा. पोरगा वाढला पूल या बंदराच्या गावात. तिथे त्याच्या आत्याने त्याला समुद्रफुलं दाखवली आणि ती समुद्राच्या पाण्यात ठेवून बघायची सवय लावली. टँकचं वेड लागलं ते तिथूनच, असं म्हणायला हरकत नाही.

सतराव्या वर्षी तो कारकून म्हणून न्यूफाउंडलंडला गेला. तिथे किडे गोळा केले, कॅनडात शेती करून बघितली आणि ती फसली. मग अमेरिकेत अलाबामात मास्तरकी केली. तिथली गुलामगिरी डोळ्यांनी पाहून १८३९ मध्ये तो मायदेशी परतला. पुढे जमैकात दीड वर्ष पक्ष्यांचा अभ्यास केला. हा माणूस किती तंद्रीत जगायचा, याचा एक किस्सा सांगितला जातो. १८४९ मध्ये त्याला मुलगा झाला. त्या दिवशीच्या डायरीत बाळाच्या जन्माची नोंद आहे आणि तिला लागूनच जमैकाहून हिरवी पाकोळी मिळाल्याची. दोन्हींना जागा जवळपास सारखीच!

१८५२ मध्ये कामाच्या ताणाने तब्येत ढासळली आणि गॉस बायको-मुलासह डेव्हनच्या किनाऱ्यावर हवापालटाला गेला. विश्रांती राहिली बाजूला. हा गडी ओहोटीला खडकांत उतरायचा, तो कमरेपर्यंत भिजूनच वर यायचा.

गॉसच्या आधीचा एक प्रयोग इथे सांगायला हवा, कारण त्याचा नायक कोरलाइनच आहे. हे दगडासारखं काहीतरी प्राणी की वनस्पती, यावर त्या काळी वाद होता. वर्गीकरणाचा बाप लिनियस यानेसुद्धा ते प्राण्यांच्या बाजूला टाकलं होतं. जॉर्ज जॉन्स्टन नावाच्या डॉक्टरने १८४२ च्या सुमारास काचेच्या भांड्यात समुद्राचं पाणी घेतलं, त्यात कोरलाइनचा झुबका आणि काही बारके जीव ठेवले आणि पाणी अजिबात बदललं नाही. आठ आठवड्यांनीही पाणी स्वच्छ आणि जीव जिवंत! पाणी असं ताजं ठेवणं प्राण्याचं काम नव्हे, ते वनस्पतीच करू शकते, असा त्याचा निष्कर्ष. सिद्ध करायचं होतं एक आणि हाती लागला समुद्री टँक.

पुढे लंडनमध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी घरात प्रवाळ जगवले, रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने मासे आणि पाणवनस्पतींचा मेळ घातला. त्यामुळे टँकचा शोध एकट्या गॉसने लावला, असं कुणी म्हटलं तर ते बरोबर नाही. गॉसने केलं ते वेगळंच. त्याने ही गोष्ट सामान्य माणसाला करता येईल अशी करून दाखवली.

त्यातली पहिली युक्ती छिन्नी-हातोड्याची. समुद्री शेवाळाला झाडासारखी मुळं नसतात, ते खडकालाच चिकटून जगतं. उपटलं तर मरतं. म्हणून गॉस शेवाळ नाही, तर शेवाळासकट खडकाचा तुकडाच फोडून आणायचा. आज टँकवाले ज्याला लाइव्ह रॉक म्हणतात, त्याची कल्पना याहून फार वेगळी नाही.

दुसरी युक्ती पाण्याची. समुद्रापासून लांब राहणाऱ्याने खारं पाणी आणायचं कुठून? १८५४ मध्ये गॉसने समुद्राच्या पाण्याचं रासायनिक पृथक्करण समोर ठेवून घरगुती कृती बनवली. साधारण साडेचार लिटर पाण्यात सुमारे १०० ग्रॅम साधं मीठ, ७ ग्रॅम एप्सम सॉल्ट, १३ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि अडीच ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम क्लोराइड. या यादीत कॅल्शियम नाही, हे लक्षात आलं का? तो विसरला नव्हता. टँकमध्ये दगड, शिंपल्या आणि कोरलाइनचे तुकडे पडणारच आहेत, पाण्याला लागेल तेवढा चुना त्यांतून मिळेल, असा त्याचा हिशोब होता.

पाणी तयार झाल्यावर गॉसने लगेच प्राणी सोडले नाहीत. आधी हिरवं शेवाळ लागलेले एक-दोन दगड ठेवले, त्याचे बीजाणू पाण्यात पसरू दिले आणि मगच जीव आत घेतले. आधी झाडं, मग प्राणी, सृष्टीचा क्रमही हाच, असं त्याचं म्हणणं.

आजच्या नवीन टँकलाही नेमकं हेच लागू पडतं. कोरलाइन हवेतून येत नाही. त्याचा थर असलेला एखादा खडक किंवा शिंपला आत यावा लागतो, किंवा जुन्या टँकमधला थर खरवडून नव्यात सोडावा लागतो. मग लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम, १,३०० च्या आसपास मॅग्नेशियम आणि स्थिर क्षारता सांभाळायची. फॉस्फेट वाढलं तर चुना जमायला अडथळा येतो आणि साधं हिरवं शेवाळ खडक बळकावतं. ते चरून साफ करायला गोगलगायी मदतीला येतात. एवढं करूनही थर पसरायला महिने जातात. पाण्याचे आकडे रोज वरखाली करणाऱ्याच्या टँकमध्ये तर तो रुसूनच बसतो. गॉसची कृती आज मात्र जशीच्या तशी वापरू नका. कोरलाइनची आणि प्रवाळाची कॅल्शियमची भूक त्याच्या हिशोबापेक्षा मोठी आहे, तयार मिळणाऱ्या समुद्री मिठात त्याची सोय केलेली असते.

गॉसने पुरवलेल्या जिवांच्या मदतीने मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय सुरू झालं. पुढच्याच वर्षी त्याचं दी अ‍ॅक्वेरियम हे पुस्तक आलं. हा शब्द आधी पाणवनस्पतींच्या हौदासाठी वापरला जायचा, गॉसने तो काचेतल्या समुद्राला दिला आणि तोच जगभर रुळला. त्यातली रंगीत चित्रंही त्यानेच काढलेली. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठल्याने काच स्वस्त झाली होती, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. मग काय, ब्रिटनच्या दिवाणखान्यांत टँकची लाट आली.

आणि लाट आली म्हणजे माणसंही आली. बादल्या, जाळ्या आणि गॉसने शिकवलेलेच छिन्नी-हातोडे घेऊन लोक किनाऱ्यावर उतरले. घरी नेलेले बहुतेक जीव मरायचे, मग पुन्हा नवीन आणायचे. हजारो वर्षं कुणाचा हात न लागलेली, कोरलाइनने मढलेली खडकांतली डबकी काही वर्षांत ओकीबोकी झाली.

गॉसचा मुलगा एडमंड मोठेपणी नामांकित लेखक झाला. वडिलांबरोबर लहानपणी पाहिलेली ती डबकी आणि त्यांची झालेली लूट त्याने १९०७ च्या फादर अँड सन या पुस्तकात लिहून ठेवली. या नासाडीला आपलीच पुस्तकं कारणीभूत ठरली, हे वडिलांना उमगलं होतं आणि त्याची त्यांना खंत होती, असं तो सांगतो. एडमंडने वडिलांचं चित्र बरंच काळं रंगवलं, असं चरित्रकार अ‍ॅन थ्वेट यांचं मत आहे. पण किनाऱ्यांबद्दलचं एडमंडचं दुःख खोटं वाटत नाही.

ही भूक अजून संपलेली नाही. गुलाबी खडकांच्या मागणीपायी फ्लोरिडाच्या समुद्रातून एवढे लाइव्ह रॉक उपसले गेले, की १९९० च्या दशकात तिथे त्यावर बंदी आली. आता तिथे परवाना घेऊन कोरडे दगड समुद्रात ठेवतात आणि थर चढला की तेच दगड बाहेर काढून विकतात.

गॉससाठी १८५७ हे वर्ष फार वाईट गेलं. फेब्रुवारीत पत्नी एमिली कर्करोगाने गेली. त्याच वर्षी ऑम्फलोस हे पुस्तक आलं. कट्टर धार्मिक असलेल्या गॉसने त्यात मांडलं होतं, की देवाने पृथ्वी जीवाश्मांसकट, म्हणजे आधीच जुनी दिसेल अशी निर्माण केली. शास्त्रज्ञांना ते पटलं नाही आणि धार्मिकांनाही रुचलं नाही. न खपलेल्या प्रतींचा शेवटी लगदा केला गेला. आठ वर्षांच्या मुलाला घेऊन गॉस डेव्हनला कायमचा राहायला गेला. समुद्रफुलांवरचं मोठं पुस्तक पूर्ण केलं, दुसरं लग्न केलं, ऑर्किडच्या नादाला लागला. म्हातारपणी डोळे पुन्हा सूक्ष्मदर्शकाला लावून त्याने रोटिफर या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जिवांवर सी. टी. हडसन यांच्यासोबत ग्रंथ लिहिला. तो १८८६ मध्ये पूर्ण झाला आणि दोन वर्षांनी, ऑगस्ट १८८८ मध्ये, टॉर्कीजवळच्या राहत्या घरी गॉस वारला. तोपर्यंत दिवाणखान्यांतली टँकची फॅशन कधीच ओसरली होती.