श्वास मोजणारे हचिन्सनसाहेब

डहाणूच्या आमच्या थोरल्या वहिनींचे निम्मे आयुष्य चुलीपुढे गेले. ओली लाकडे, हातात लोखंडी फुंकणी आणि डोळ्यांत धूर. घरात गॅस येईपर्यंत खोकला कायमचा वस्तीला आला होता. पुढे सीओपीडीचे निदान झाले. फुप्फुसातल्या नळ्या अरुंद करून ठेवणारा हा आजार. कॅप्सूलमधली पूड तोंडाने ओढून घ्यायचे इनहेलर मिळाले. दोन वर्षे गेली, गुण येईना. वहिनी औषध नीट घेत नाहीत, असा ठपका घरातल्या सगळ्यांनी ठेवला. त्यात मीही होतो.

बँकेत असताना तलासरीला मी तीन वर्षे काढली. त्या ओळखीवर वहिनींना तिथल्या एका तरुण डॉक्टरकडे नेले. त्याने मुठीत मावेल असा एक मीटर त्यांच्या तोंडाला लावला आणि जोराने श्वास ओढायला सांगितले. काटा मिनिटाला पंचवीस लिटरच्या पुढे सरकेना. पुडीच्या इनहेलरला स्वतःचा जोर नसतो; पूड सुटी होऊन आत जाते ती रोग्याच्याच ओढीवर. यंत्रागणिक आकडा बदलतो, पण साधारण तीस तरी हवेत, साठ असतील तर उत्तम. म्हणजे औषधात खोट नव्हती आणि वहिनींच्या मनातही नव्हती.

तेव्हापासून मला जॉन हचिन्सन या माणसाचा नाद लागला. श्वास मोजण्याचे शास्त्र उभे केले ते यांनी. जन्म १८११चा, इंग्लंडात न्यूकॅसलजवळच्या रायटन गावचा. लंडनमध्ये ते डॉक्टर होते आणि ब्रिटानिया या विमा कंपनीसाठीही काम करीत. कोणाला किती जोखमीवर पॉलिसी द्यायची, हा त्यांच्यापुढचा रोजचा सवाल. कर्जदाराची ऐपत तपासण्यात जन्म घालवलेल्या माझ्यासारख्याला हा माणूस लगेच जवळचा वाटला!

त्यांनी पाण्यात उपडे तरंगणारे भांडे, कप्प्या आणि वजने यांचे एक यंत्र बनवले. छातीभर श्वास घेऊन नळीत सोडला की भांडे वर उचलले जाई आणि हवेचे माप कळे. हाच स्पायरोमीटर. १८४६ साली त्यांनी दोन हजारांहून अधिक माणसांची मापे प्रसिद्ध केली. त्यांत खलाशी होते, पोलीस होते, आगीचे बंबवाले होते, भिकारी होते. उंची इंचभर वाढली की मावणारी हवा आठ घनइंचांनी वाढते, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. फ्रीमन नावाच्या एका धिप्पाड अमेरिकन मुष्टियोद्ध्याचा श्वास त्यांनी दोन वर्षांच्या अंतराने मोजला, तो बराच घटला होता. १८४५ साली तो क्षयाने गेला.

पण मला भावले ते त्यांचे दुसरे, फारसे न गाजलेले काम. हवा किती मावते एवढ्यावर ते थांबले नाहीत. पाऱ्याची नळी लावून माणूस किती जोराने ओढतो आणि किती जोराने फुंकतो, हे त्यांनी वेगवेगळे मोजले. फुंकण्याचा जोर ओढण्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त भरला. वाचता वाचता मला वहिनींची फुंकणी आठवली. जन्मभर फुंकलेल्या बाईला ओढता येत नाही, यात नवल वाटावे असे काय होते? या आजारात हवा आत अडकून छाती फुगलेलीच राहते, श्वासपटल सपाट होते आणि ओढायला बळ उरत नाही.

हचिन्सन यांचे पुढचे आयुष्य मात्र चटका लावणारे. १८५२ साली बायकामुले मागे ठेवून ते ऑस्ट्रेलियाला, सोन्याच्या खाणींच्या मुलखात गेले. इतके नाव कमावलेला माणूस असा का निघून गेला, याचा मेळ मला अजून लागलेला नाही. १८६१ साली ते फिजी बेटांवर पोचले आणि त्याच वर्षी तिथे वारले. वय अवघे पन्नास.

वहिनींना आता पंप आणि त्याला जोडायचा स्पेसर मिळाला आहे. त्यात फवारा यंत्र देते; आपण फक्त सावकाश, खोल श्वास घ्यायचा. दोन वर्षांची झटक्याने ओढायची सवय मोडायला त्यांना महिना लागला. दुखणे उलटले की ओढ आणखी कमी होते, म्हणून डॉक्टरने मीटर पुन्हा लावायला बोलावले आहे. या खेपेला त्यांना तलासरीला मीच घेऊन जाणार आहे.