श्रेष्ठिवर्य मोतीशा शेठ आणि मुंबईची पांजरपोळ

पालघर जिल्ह्यातील आगाशी तीर्थाच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांना श्री मुनिसुव्रतस्वामींच्या जिनालयाबरोबर शेठ मोतीशा यांचे स्मरण होतेच. त्यांचे एक गलबत येथील किनाऱ्याजवळ अडकले आणि त्या प्रसंगातून या जिनालयाचा संकल्प झाला, असे परंपरा सांगते.

मोतीचंद अमीचंद यांचा जन्म १७८२ चा. घराणे मूळचे खंभातचे. मुंबईहून चीनकडे जाणाऱ्या कापूस व अफूच्या व्यापारात त्यांनी अमाप संपत्ती मिळविली. या व्यापारात सर जमशेटजी जिजीभाई हे त्यांचे निकटचे सहकारी होते. भायखळ्याचे आदीश्वर जिनालय व पालिताण्याची मोतीशा टूक ही त्यांची धर्मकार्ये सर्वश्रुत आहेत. त्यांच्या जीवदयेची कथा मात्र तपशिलाने क्वचितच सांगितली जाते.

त्या काळी मुंबईत भटक्या कुत्र्यांना ठार मारण्यासाठी सरकार दर कुत्र्यामागे बक्षीस देत असे. मारण्याची मुदत वाढविली गेली, तेव्हा जून १८३२ मध्ये पारशी समाजाने उघड विरोध केला. जैन व हिंदू व्यापारीही त्यात सामील झाले, बाजार बंद पडला, दंगल उसळली. दंगल शमली, तरी त्या मुक्या जिवांनी राहावे कोठे, हा प्रश्न उरलाच. १८ ऑक्टोबर १८३४ रोजी जमशेटजी व मोतीशा यांच्या पुढाकाराने भुलेश्वर परिसरात पांजरपोळ स्थापन झाली. केवळ दुभत्या गायींनाच नव्हे, तर म्हातारी, लंगडी, आजारी जनावरे, कुत्री व पक्षी यांनाही तेथे आश्रय मिळाला.

जागा एकदा घेता येते. वैरण मात्र रोज लागते. म्हणून महाजनांनी कापूस व इतर मालाच्या उलाढालीवर स्वेच्छेने लाग बसविला. व्यापार चालू तोवर चारा चालू, असा तो हिशेब होता. एका दात्याच्या मर्जीवर संस्था न सोडण्याची ही दूरदृष्टी पुढे फार उपयोगी पडली, कारण मोतीशा शेठ १८३६ मध्येच दिवंगत झाले. पालिताण्याच्या टुकेची प्रतिष्ठा त्यांचे पुत्र खीमचंद यांनी केली. पांजरपोळ पुढेही चालत राहिली.

ज्या खजिन्यातून एके काळी मारण्याचे बक्षीस निघे, त्या खजिन्यातून पोसण्यासाठी पैसा निघण्यास फार काळ जावा लागला. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये नोंदणीकृत गोशाळांतील देशी गायीमागे दररोज ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णय घेतला. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातील डांगी गाय त्यात बसते. परंतु म्हैस, शेळी वा जखमी कुत्रा बसत नाही. शिवाय गोशाळेत किमान ५० गोवंश व तीन वर्षांचा अनुभव असावा, अशी अट आहे. पावसाळ्यात उदंड गवत आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठीही टँकर, अशा या तालुक्यांत दहा-पंधरा जनावरे सांभाळणाऱ्या निवाऱ्याला ही संख्या गाठणे अवघड. अशा ठिकाणची उन्हाळ्याची वैरण आजही समाजाच्या वर्गणीतूनच भरावी लागते.