फ्रेनेल झोनवाला फ्रेनेल

मित्रांनो, मायक्रोवेव्हच्या व्हायवात 'फर्स्ट फ्रेनेल झोन' हा प्रश्न ठरलेलाच. पण हा फ्रेनेल कोण, हे कुणी विचारत नाही. गंमत म्हणजे रेडिओ जन्माला येण्याच्या कितीतरी आधी तो हे जग सोडून गेला होता!

ऑगस्तँ फ्रेनेलचा जन्म १० मे १७८८ चा, फ्रान्समधल्या नॉर्मंडीतला. तब्येत नाजूक, आणि आठ वर्षांचा झाला तरी वाचायला अडखळायचा. तरीही तो सिव्हिल इंजिनिअर झाला आणि सरकारी नोकरीत रस्ते बांधू लागला. १८१५ मध्ये नेपोलियन परतला, तेव्हा फ्रेनेल त्याच्या विरोधकांना जाऊन मिळाला. झालं, नोकरीवर गदा आली! तो गावी आईकडे गेला. तिथे ना लॅब, ना सर. कुलूपं बनवणाऱ्या कारागिराकडून त्याने साधनं करून घेतली, मधाच्या थेंबाचं भिंग केलं आणि सावलीच्या कडेला दिसणारे पट्टे मोजत बसला. पुढे दोन आरसे घेऊन त्याने दाखवलं, की एकाच दिव्याचा प्रकाश दोन वाटांनी एका जागी आला, तर कुठे उजेड वाढतो आणि कुठे चक्क अंधार पडतो. म्हणजे प्रकाश ही लहर आहे. १८१९ मध्ये पॅरिसच्या अकादमीने त्याला बक्षीस दिलं.

आता आपल्याकडे या. समजा, बुलढाण्याच्या घाटावरून मलकापूरला ६ गिगाहर्ट्झची लिंक टाकायची आहे. अंतर साधारण ४० किलोमीटर. एक लहर सरळ जाते, दुसरी खालच्या सपाट रानावर किंवा धरणाच्या पाण्यावर आपटून पोचते. आपटताना ती उलटी होते. तिची वाट पूर्ण एका वेव्हलेंग्थने, म्हणजे फक्त ५ सेंटीमीटरने लांब असली, तरी दोघी एकमेकींना मारतात आणि सिग्नल बसतो. आरशांच्या जागी जमीन आली, एवढाच फरक! मधोमध पहिल्या झोनची त्रिज्या सुमारे २२ मीटर येते. म्हणून टॉवरची उंची अशी ठरवतात, की हा झोन मोकळा राहील आणि रिफ्लेक्शन पाण्याऐवजी झाडीत किंवा खडबडीत जमिनीवर पडेल. शिवाय एकाखाली एक असे दोन अँटेना लावले, तर एकाचा सिग्नल बसला तरी दुसऱ्याचा सहसा टिकतो.

फ्रेनेलने पुढे दीपगृहांसाठी पायऱ्यापायऱ्यांची लेन्स बनवली. १८२३ मध्ये ती कोर्दुआनच्या दीपगृहात लागली. क्षयाने शरीर पोखरलं होतं, तरी नोकरी सांभाळून त्याचं संशोधन चालूच होतं. १४ जुलै १८२७ ला तो गेला, वय अवघं ३९.

तेव्हा मित्रांनो, इक्विपमेंट नाही म्हणून प्रोजेक्ट अडला, असं म्हणण्याआधी तो मधाचा थेंब आठवा!