शास्त्रीय संगीताला आकाशवाणीचा आश्रय देणारे डॉ. केसकर

स्वतंत्र भारताच्या नभोवाणीला दहा वर्षे दिशा देणारे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांचा जन्म १९०३ मधला. असहकार चळवळीच्या काळात, १९२१ मध्ये, वाराणसीत स्थापन झालेल्या काशी विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. लालबहादूर शास्त्रीही याच राष्ट्रीय विद्यापीठाचे विद्यार्थी. पुढे पॅरिसमध्ये उच्च शिक्षण घेऊन केसकर काँग्रेसच्या कार्यात रमले.

१९५२ मध्ये ते माहिती व नभोवाणी मंत्री झाले. संस्थाने विलीन झाल्याने गायक-वादकांचा राजाश्रय संपला होता. ही जबाबदारी आकाशवाणीने उचलावी, अशी त्यांची धारणा होती. त्याच वर्षी संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. वाराणसीत जन्मलेले पंडित रविशंकर आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे संचालक होते. १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलने भरू लागली. मात्र श्रेणी ठरविण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या ध्वनिचाचणीने अनेक कलावंत दुखावले.

चित्रपटगीतांना केसकरांचा विरोध होता. आकाशवाणीवरून ती जवळपास हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीते परतली.

केसकर १९६२ पर्यंत मंत्रिपदावर होते. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले. श्रोत्यांची आवड त्यांना बदलता आली नाही. परंतु तिकीट काढून मैफलीला जाणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्या घरी त्यांच्यामुळे अभिजात संगीत पोहोचले.