१४९ कवट्या आणि इरावतीबाई

फॉरेन्सिक म्हटलं की टीव्ही रूममध्ये एकच नाव निघतं, डॉ. साळुंखे! इंजिनिअरिंगनंतर डीएनएवरून माणूस ओळखण्याच्या शास्त्रात पुढचं शिक्षण घ्यावं, असं माझ्या डोक्यात आहे. त्यासाठी वाचताना मी येऊन थांबले ती इरावती कर्वे यांच्यापाशी. त्या १९७० मध्ये वारल्या, आणि डीएनए फिंगरप्रिंटिंग लेस्टरला सापडलं १९८४ मध्ये. तरी त्यांचा संबंध आहे.

'युगान्त'मुळे आपण त्यांना ओळखतो. जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. इरावती नदीवरून नाव ठेवलं. शाळा पुण्याची हुजूरपागा, मग फर्ग्युसन. लग्न झालं महर्षी कर्व्यांच्या मुलाशी, दिनकररावांशी. गंमत म्हणजे बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या सासऱ्यांचाच सुनेच्या जर्मनीला जाण्याला विरोध होता. त्या गेल्याच.

बर्लिनच्या संस्थेत त्यांचे गाइड होते ऑयगन फिशर, वंशशास्त्रातलं मोठं प्रस्थ. त्यांचं म्हणणं असं, की गोऱ्यांची बुद्धी जास्त म्हणून त्यांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा, आणि म्हणून कवटी दोन्ही बाजूंना सारखी नसते. इतरांचं तसं नाही. हे सिद्ध करण्याचं काम इरावतीबाईंकडे आलं. १४९ कवट्या होत्या, त्यांतल्या काही आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून आणलेल्या. त्यांनी एकेक मोजली. कवट्या वाकड्या निघाल्या खऱ्या, पण सगळ्याच वंशांच्या. वंशाचा काही संबंध नाही, असं त्यांनी प्रबंधात लिहून टाकलं.

आता विचार करा. परका देश, कर्ज काढून आलेली विशीतली मुलगी, आणि मार्क देणारा माणूस तोच. आपण इथे जर्नलवर सही मिळावी म्हणून रीडिंग 'ॲडजस्ट' करतो! फिशरनी पास होण्यापुरतेच मार्क दिले, पण डॉक्टरेट मिळाली. पुढे त्याच संस्थेत मेंगेलेने आउशवित्झहून कैद्यांचे अवयव पाठवले, हे वाचून मी पुस्तक मिटलं.

परत आल्यावर त्या १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बायकांत त्यांचं नाव घेतात. (सिव्हिलवाल्यांनो, कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणीही त्यांनी केली, १९६९ साली.) महाराष्ट्रातल्या जातीजातींच्या माणसांची मापंही त्यांनी घेतली. बर्लिनचं ते हत्यार त्यांनी पुरतं खाली ठेवलं नाही, हे मला थोडं खटकतं. पण त्यातूनच १९६८ मध्ये त्यांनी आणि मल्होत्रा यांनी एक मोलाची गोष्ट दाखवली: एकाच पायरीवरचे, पण आपसात लग्नं न करणारे आठ ब्राह्मण गट घेतले, तर तेही शरीराच्या मापांत एकमेकांपासून वेगळे निघतात.

आमच्या उंद्रीला सोयरीक जुळवताना जात विचारतात, मग पोटजात. पिढ्यानपिढ्या असं चाललं की काही जनुकं एका गटात जास्त दिसतात, दुसऱ्यात कमी. डीएनए जुळला तर दुसऱ्या कुणाचाही तसाच असण्याची शक्यता किती, हे लॅब लोकसंख्येतल्या याच प्रमाणांवरून काढते. प्रमाण भलत्याच गटाचं घेतलं, तर कोर्टापुढे जाणारा आकडा चुकतो, आणि समोर पिंजऱ्यात माणूस उभा असतो.